वरची खोली पदरात कशी पाडून घ्यावी

हॉटेलात फुकटात वरच्या दर्जाची खोली मिळवायची असेल, तर आधी मनाची तयारी करा. आपण बुक केलेली खोली आपल्या योग्यतेची नाही, हे स्वतःला पटवून द्या. तुमची योग्यता कोपऱ्यातल्या सूटची आहे. दोन बाजूंनी खिडक्या, बसायला वेगळी खोली, बाथटबमधून हात पोचेल असा फोन. त्या सूटचे पैसे तुम्ही भरणार नाही, हा भाग वेगळा. पैसे भरून काय, कोणीही राहतो. खरी प्रतिष्ठा फुकट मिळण्यात आहे.

मग कपडे. इस्त्रीचे घाला. पाहुणा वरच्या खोलीत शोभेल असा दिसला की त्याला ती खोली देतात, असं जाणकार सांगतात. बुटांवरूनही म्हणे माणूस ओळखतात. काउंटर इतकं उंच असतं की पलीकडच्या माणसाला तुमचे बूट दिसत नाहीत, पण पॉलिश करायला कोणी अडवलेलं नाही.

काउंटरशी पोचलात की पलीकडच्या मुलीच्या कोटावरची नावाची पट्टी वाचा आणि तिला नावाने हाक मारा. ती हसेल. तुमच्या आधीचे बाराजणही तोच सल्ला वाचून आलेले असल्यामुळे आज तिला स्वतःचं नाव नको झालेलं असतं, तरी ती हसेल. मग ती की-बोर्डवर बराच वेळ काहीतरी बडवत बसेल. माझं नशीब लिहिलं जातंय, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. ती तुमच्या ओळखपत्रावरचा नंबर भरत असते. तुमच्या नावापुढे खोलीचा आकडा बहुतेक वेळा सकाळीच पडलेला असतो. तेव्हा तुम्ही घरी बॅगेची चेन लावत होता.

ही सकाळची गोष्ट जरा नीट समजून घ्या. मध्यरात्रीनंतर हॉटेल आदल्या दिवसाचा हिशेब मिटवतं, त्याला नाइट ऑडिट म्हणतात. सकाळच्या पाळीला आज येणाऱ्यांची यादी निघते आणि कोणीतरी एकजण चहाचा कप बाजूला ठेवून कुठला माणूस कुठल्या खोलीत हे जुळवत बसतो. समजा, हॉटेलात साध्या खोल्या एकशे वीस आहेत. विकल्यात एकशे सव्वीस. काहीजण ऐनवेळी रद्द करतात, काही उगवतच नाहीत, त्यामुळे थोड्या जास्त विकणं हा या धंद्याचा नेम आहे. पण आज दुष्टपणे सगळेच येतायत. सहाजणांना वर ढकलल्याशिवाय गत्यंतर नाही. साध्या खोल्यांतले सहाजण डिलक्समध्ये, तिथे जागा व्हावी म्हणून डिलक्समधले काही त्याहून वरच्या दर्जाच्या क्लब मजल्यावर आणि तिथला एखादा थेट सूटमध्ये. ज्याला आपण औदार्य म्हणतो ते हे. खाली दाटी झाली म्हणून वर सरकवलेली माणसं.

आता हे सहाजण कोण? इथे तुमचं जॅकेट कामाला यायला हवं होतं, पण सकाळी त्या माणसासमोर फक्त एक ओळ असते. किती रात्री, कुठल्या दराने, बुकिंग कुठून आलं, सभासद आहे का, कुठल्या पायरीचा, शेरा काय. या ओळीत तुमचा स्वभाव, तुमचं वाचन, तुमचं गोड बोलणं यांना रकाना नाही. तेव्हा आजपासून माणूस म्हणून सुधारण्याचा नाद सोडा आणि ओळ सुधारा.

ओळ सुधारायचा राजमार्ग म्हणजे निष्ठा. 1983 साली हॉलिडे इन आणि मॅरियट या साखळ्यांनी नेहमीच्या पाहुण्यांसाठी बक्षीस योजना काढल्या आणि तेव्हापासून हॉटेलात झोपणं ही गुणांकन होणारी परीक्षा झाली. मॅरियटमध्ये प्लॅटिनम ही पायरी गाठायला वर्षात 50 रात्री लागतात. हयात या साखळीत ग्लोबलिस्ट ही पायरी गाठायला 60. मॅरियटची सर्वांत वरची पायरी हवी असेल तर 100 रात्री आणि शिवाय 23,000 डॉलरचा खर्च. म्हणजे वर्षातून तीन महिन्यांहून जास्त घराबाहेर झोपा. मुलं ओळख विसरतील, कुंड्या वाळतील, पण काउंटरवर ‘वेलकम बॅक’ ऐकायला मिळेल. आणि हो, हे सगळं कंपनीच्या खर्चाने करा. स्वतःच्या पैशाने निष्ठा ठेवणारे भोळे लोक या योजनांना फार आवडतात, पण त्या योजना त्यांच्यासाठी काढलेल्या नाहीत.

मग एक दिवस तुम्हाला सूट मिळेल. रात्री अकराला विमानतळावरून पोचाल. बैठकीच्या खोलीत सहा खुर्च्यांचं टेबल, त्यावर फळांची परडी आणि जनरल मॅनेजरची छापील सही असलेलं कार्ड. तुम्ही एका खुर्चीवर कोट टाकाल, दुसरीवर बॅग, चार्जर लावायला प्लग शोधाल आणि सकाळी पाचची टॅक्सी सांगून झोपाल. बाथटबपाशी पोचणारा फोन तसाच राहील. त्याच रात्री चौथ्या मजल्यावर, लिफ्टला लागून असलेल्या खोलीत, दोन मुलं आणि सासू-सासरे घेऊन आठवड्याच्या सुट्टीवर आलेलं एक कुटुंब जादा गादी कुठे घालायची यावर वाद घालत असेल. त्यांना सूट देता आला नसता का? नाही. ते सात रात्री राहणार, आणि शुक्रवारपासून तो सूट विकला गेलाय. तुम्ही पहाटे पाचला निघणार, म्हणून तुम्हाला देणं परवडतं. चणे आहेत तिथे दात नाहीत, ही म्हण हॉटेलवाल्यांनी धंद्याचं सूत्र म्हणून वापरलेली आहे.

बुकिंग कुठून केलंत, याला फार महत्त्व आहे. स्वस्तात मिळालं म्हणून मधल्या वेबसाइटवरून केलं असेल तर उत्तम, आता अपेक्षा सोडा. ती वेबसाइट तुमच्या बिलातून 15 टक्के किंवा त्याहून जास्त कमिशन कापते. हॉटेलच्या दृष्टीने तुम्ही त्या वेबसाइटचे पाहुणे, हॉटेल फक्त गादी पुरवतं. अशा रात्रींचे गुणही मोठ्या साखळ्यांत बहुधा मिळत नाहीत. पण पैसे वाचले ना? मग झोपा.

‘उपलब्धतेनुसार’ हा शब्द नियमावलीत ठिकठिकाणी भेटेल. अपग्रेड मिळणं तुमचा हक्क आहे, उपलब्धतेनुसार. उशिरा खोली सोडता येईल, उपलब्धतेनुसार. आता काउंटरवर उभे असताना मोबाइल काढा आणि याच हॉटेलचं आजचं बुकिंग बघा. सूट दिसेल, किमतीसकट. मुलीला दाखवा. ती म्हणेल, आज सूट उपलब्ध नाही. मोबाइल आणि मुलगी, दोघंही खरं बोलतायत. सूट विकायला उपलब्ध आहे, द्यायला नाही. याहून बारीक तर्क मी तरी कुठल्या वादविवादात ऐकलेला नाही.

हल्ली तर मुक्कामाच्या चार दिवस आधी ईमेल येतं: थोडेच जादा पैसे भरा आणि समुद्राकडची खोली घ्या. काही ठिकाणी बोली लावायची सोय असते. हे पत्र तुमच्यावरच्या मायेपोटी कोणी रात्री जागून लिहीत नाही. कोण किती देईल याचा अंदाज बांधणारी यंत्रणा ते पाठवते. अशा यंत्रणा बनवणारी नॉरवन नावाची कंपनी 2020 मध्ये ओरॅकलने विकत घेतली. हॉटेलांच्या काउंटरवर जगभर दिसणारं ऑपेरा हे सॉफ्टवेअरही याच ओरॅकलचं. तेव्हा जो सूट काल दोन-तीनजणांना सवलतीत दाखवून झाला, पण कोणी घेतला नाही, तो आज तुमच्या गोड हसण्यावर भाळून मिळेल, ही आशा जरूर ठेवा. काउंटरवरची मुलगी स्वतःहून म्हणाली, ‘तुमच्यासाठी आज एक सुंदर खोली आहे,’ तर हुरळण्यापूर्वी वाक्य पूर्ण होऊ द्या. पुढे आकडा येतो. तो तुम्ही मान्य केलात तर बऱ्याच ठिकाणी तिलाही त्यातला थोडा वाटा मिळतो, म्हणून तर ते हसू इतकं मनापासूनचं असतं.

लग्नाचा वाढदिवस आहे असं सांगून बघायला हरकत नाही. सगळेच सांगतात. काही जोडप्यांचा तो वर्षातून पाच वेळा येतो. फळ म्हणून पलंगावर टॉवेलचे दोन हंस मिळतात, चोचीला चोच लावून. रात्री हात पुसायला टॉवेल हवा असेल तर हंस मोडावा लागतो, आणि हंस मोडायला कोणाचा जीव धजत नाही.

लास वेगासमध्ये ओळखपत्र आणि कार्डाच्या मध्ये वीस डॉलरची नोट घालून पुढे सरकवायची जुनी पद्धत आहे. ती तिथे राहू द्या. इतरत्र मुलगी नोट परत देते आणि मोठ्याने म्हणते, ‘सर, तुमचे पैसे पडले.’ मागची रांग बघते.

आरडाओरडा? करा. लॉबीत आवाज चढवला की ड्यूटी मॅनेजर येतो, पाणी विचारतो, माफी मागतो. तुमच्या नावापुढे अत्यंत सभ्य भाषेत एक शेरा पडतो आणि तो सॉफ्टवेअर कधी विसरत नाही. तुमच्या ओळीतला जो एकमेव रकाना तुम्ही स्वतःच्या कर्तृत्वाने भरू शकता, तो हाच.

एक खरी गोष्ट मात्र चुकून सांगून टाकतो. त्या मुलीच्या हातात सूट नसतो, पण एकाच दराच्या दोन खोल्यांपैकी कुठली द्यायची हे पुष्कळदा तिच्या हातात असतं. एक लिफ्टच्या भिंतीला लागून, दुसरी मार्गिकेच्या टोकाला, जिथे रात्री पावलंही ऐकू येत नाहीत. दमलेल्या, सरळ बोलणाऱ्या माणसाला ती न सांगता दुसरी देते. पण तुम्ही याची दखल घेऊ नका. याचा फोटो काढता येत नाही.

शेवटी, यादीच्या तळाशी असणाऱ्यांनीही निराश होऊ नये. मधल्या वेबसाइटवरून, सर्वांत स्वस्त दराने, एका रात्रीसाठी बुकिंग करा, सभासद होऊ नका आणि खचाखच भरलेल्या दिवशी मध्यरात्री पोचा. त्या एकशे सव्विसांचं गणित रात्रीपर्यंत सुटलेलं नसेल तर तुम्हाला खोलीच काय, अख्खं हॉटेलच बदलून मिळतं. दुसरीकडची खोली हॉटेलच ठरवून देतं, टॅक्सीचं भाडंही बहुधा तेच भरतं. तुमची बॅग गाडीत ठेवायला दोघं धावत येतील, दार तिसरा उघडेल आणि ड्यूटी मॅनेजर स्वतः फाटकापर्यंत येऊन हात हलवेल. इतकी तत्परता प्लॅटिनमवाल्यांच्याही वाट्याला येत नाही.