डार्मस्टाटची सून आणि पुण्यातले एक भाषण

पुण्यातल्या एका वधू-वर मेळाव्यात झालेल्या भाषणाची चित्रफीत गेल्या महिन्यात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर आली आणि तेव्हापासून माझे मन त्या भाषणाशी भांडते आहे. वक्त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : लग्नानंतर पहिले वर्षभर मुलीच्या आईने मुलीला फोन करू नये, मुलीनेही करू नये, आजकाल संसार मोडतात ते माहेरच्या रोजच्या चौकशीमुळे, पूर्वीच्या मुली माहेर विसरून सासरी रुळत असत. एवढ्यावर ते थांबले असते तर मी गप्प बसले असते. परंतु आपल्या म्हणण्याला वजन यावे म्हणून त्यांनी युरोपातल्या राजकन्यांचा दाखला दिला. त्या एकदा देशाची सीमा ओलांडून गेल्या की माहेरचे नाव काढत नसत, म्हणूनच त्यांची घराणी टिकली, असे ते म्हणाले. चित्रफितीखाली माझ्या आत्याने हात जोडले, दोन काकांनी "अगदी खरे" असे लिहिले. माझ्या चुलतभावाचे लग्न मार्गशीर्षात ठरले आहे आणि त्याची होणारी बायको नुकतीच या गटात आली आहे; तिने काहीच लिहिले नाही.

मी जर्मनीतल्या डार्मस्टाटमध्ये राहते. कामाच्या वाटेवर ॲलिस-हॉस्पिटलची पाटी रोज दिसते, ॲलिस-एलिओनोरेन-शूले या शाळेतली मुले ट्रॅममध्ये शेजारी उभी असतात आणि रविवारी हवा चांगली असली की आम्ही रोझेनहोहे या बागेत फिरायला जातो. ज्या बाईचे नाव या शहराने असे जागोजागी जपले आहे ती इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीची मुलगी आणि हेसे या जर्मन राज्याच्या राजघराण्याची सून होती. तिचे आयुष्य ज्याला ठाऊक आहे, त्याला पुण्यातल्या त्या भाषणातले राजकन्यांबद्दलचे एकही वाक्य मान्य करता येणार नाही.

राजकन्या ॲलिसचा जन्म 25 एप्रिल 1843 चा. राणीच्या नऊ अपत्यांतली ही तिसरी. डिसेंबर 1861 मध्ये वडील, प्रिन्स आल्बर्ट, अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांची शुश्रूषा या अठरा वर्षांच्या मुलीने केली, आणि 14 डिसेंबरला ते गेल्यावर शोकाने खचलेली राणी आणि तिचे मंत्री यांच्यातला दुवाही काही महिने तीच झाली. पुढच्या वर्षी 1 जुलैला वाइट बेटावरच्या ऑस्बोर्न हाउसच्या जेवणघरात तिचे लग्न हेसेच्या लुडविगशी लागले. घर सुतकात असल्यामुळे लग्नापुरता पांढरा पोशाख आणि पुढच्या प्रवासासाठी काळे कपडे, अशी तिची पाठवणी झाली. ब्रिटिश संसदेने तिला 30,000 पौंडांचा हुंडा आणि वर्षाला 6,000 पौंडांचे मानधन मंजूर केले. हेसेचे घराणे त्या मानाने बेताचेच. मुलीसाठी डार्मस्टाटमध्ये नवा राजवाडा हवा असा राणीचा आग्रह होता, आणि त्याचा खर्च आपल्या डोक्यावर नको असे इथल्या लोकांचे म्हणणे होते. सून गावात येण्याआधीच तिच्याबद्दल कुरबुर सुरू झाली होती. राजवाडा शेवटी माहेरच्या पैशातून उभा राहिला. 1944 च्या सप्टेंबरातल्या बॉम्बवर्षावात तो जळाला. आज श्टाट्सथेआटर या नाट्यगृहात नाटक पाहायला जाणारे लोक त्याच परिसरातून जातात.

म्हणजे माहेरचा हस्तक्षेप नव्हता असे नाही. तो इतका होता की आपल्याकडच्या कुठल्याही आईला तो जमणार नाही. राणीची पत्रे सतत येत. मुलांना काय खाऊ घालावे, घरात कसे वागावे, इंग्लंडला किती दिवस येऊन राहावे, या सगळ्याबद्दल राणीचे मत असे आणि ते तिच्या मनासारखे झाले नाही की ती रुसत असे. ॲलिस मुलांना स्वतःचे दूध पाजते हे कळल्यावर तिला इतका राग आला की बाल्मोरलच्या गोठ्यातल्या एका गायीला तिने मुलीचे नाव दिले. धाकट्या हेलेनाचे लग्न आईच्या सोयीसाठी ठरवले जात आहे असे ॲलिसला वाटले आणि तिने ते बोलून दाखवले, तेव्हा मायलेकींत मोठा दुरावा आला. तरीही पत्रे थांबली नाहीत. ॲलिसने आईला लिहिलेली पत्रे तिच्या मृत्यूनंतर काही वर्षांत पुस्तकरूपाने निघाली. ती वाचताना जाणवते की सासरच्या गावातले दवाखाने, गरिबांची घरे, मुलांची आजारपणे, पैशाची ओढाताण हे सगळे ती आईला सांगत होती आणि सांगत होती म्हणूनच उभी राहत होती.

एवढे माहेर बरोबर घेऊन आलेली ही सून सासरी रुळली की नाही, याचे उत्तर भाषणातून मिळणार नाही, ते या शहरात शोधावे लागेल. 1866 मध्ये प्रशिया हे बलाढ्य जर्मन राज्य आणि ऑस्ट्रिया यांचे युद्ध पेटले. हेसे ऑस्ट्रियाच्या बाजूला होते. ॲलिसची थोरली बहीण विकी प्रशियाच्या युवराजाची पत्नी, म्हणजे सख्ख्या बहिणींचे नवरे एकमेकांविरुद्ध रणात. तिसऱ्यांदा गरोदर असलेल्या ॲलिसने दोन्ही मुलींना इंग्लंडला आजीकडे पाठवले, स्वतः मात्र डार्मस्टाट सोडले नाही. जखमींसाठी पट्ट्या तयार करवणे, रुग्णालये पाहणे, हे काम तिने शेवटच्या दिवसांपर्यंत केले. जुलैत तिसरी मुलगी, इरेन, जन्मली आणि त्याच दिवसांत प्रशियाचे सैन्य शहरात शिरले. पुढच्याच वर्षी तिने ॲलिस महिला संघ स्थापन केला. सामान्य घरांतल्या बायकांना शुश्रूषेचे रीतसर शिक्षण द्यायचे आणि युद्ध नसतानाही ते काम चालू ठेवायचे, ही त्यामागची कल्पना. ती तिने आणली कुठून? माहेरून. फ्लॉरेन्स नाइटिंगेलशी तिचा पत्रव्यवहार होता, इंग्लंडमधली रुग्णालये तिने पाहिली होती आणि तिथले चांगले ते सासरच्या गावात रुजवायचा तिने ध्यास घेतला होता. 1870 च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात हे सगळे उपयोगी पडले.

1872 मध्ये डार्मस्टाटला स्त्रियांच्या कामाबद्दल एक परिषद भरली. तिला ॲलिसची पाहुणी म्हणून ब्रिस्टलच्या समाजसुधारक मेरी कार्पेंटर आल्या होत्या. याच बाई 1866 मध्ये मुंबईलाही येऊन गेल्या होत्या आणि मुलींच्या शिक्षणासाठी शिक्षिका तयार केल्या पाहिजेत हे त्यांनी आपल्या लोकांना सांगितले होते. मला या योगायोगाचा फार आनंद होतो. ज्या खोलीत हेसेची सून बायकांच्या शिक्षणावर बोलत होती, त्या खोलीत मुंबईच्या मुलींच्या शाळा पाहिलेली एक बाई बसली होती.

"तिचा संसार तरी सुखाचा झाला का?" असा प्रश्न काकांनी गटावर विचारलाच. पूर्ण सुखाचा झाला नाही, हे मी मान्य करते. लुडविग सरळ मनाचा सैनिक होता. ॲलिसला धर्म, तत्त्वज्ञान, संगीत यांची ओढ होती. डेव्हिड फ्रिडरिश श्ट्राउस यांच्यासारख्या वादग्रस्त विचारवंताशी ती चर्चा करत असे आणि त्यांनी व्होल्टेअरवरची आपली व्याख्याने तिलाच अर्पण केली. नवऱ्याशी मनातले बोलता येत नाही ही खंत तिला अखेरपर्यंत होती. त्यात 1873 च्या मे महिन्यात धाकटा मुलगा फ्रिडरिश, ज्याला रक्त न गोठण्याचा आजार होता, खिडकीतून पडून गेला. त्यानंतर ती पूर्वीची राहिली नाही. यात आईच्या पत्रांचा दोष कुठे आहे, हे मला कोणी दाखवून द्यावे. दोन माणसांची मने जुळत नाहीत तेव्हा पहिले खापर मुलीच्या माहेरावर फुटते. मुलाच्या आईने रोज त्याच घरात बसून काय केले, हे त्या मेळाव्यात कोणी विचारले नाही. मी ज्या कार्यालयात काम करते तिथे कुणाच्याही सासूला सुनेच्या फोनचा हिशेब ठेवावा असे वाटत नाही. घटस्फोट इथेही होतात, परंतु त्यासाठी बायकोच्या आईला जबाबदार धरलेले मी अजून ऐकलेले नाही.

1878 चा नोव्हेंबर या शहराच्या स्मरणातून गेलेला नाही. राजवाड्यात घटसर्प शिरला. थोरली व्हिक्टोरिया, मग एकेक करून मुले आणि लुडविगही आजारी पडले. इंग्लंडहून डॉक्टरची मदत आली. 16 तारखेला चार वर्षांची धाकटी मारी गेली. ही बातमी ॲलिसने इतर मुलांपासून दडवून ठेवली होती. अखेर दहा वर्षांच्या एर्न्स्टला सांगावी लागली, तेव्हा त्याचे रडणे पाहून तिने त्याला जवळ घेऊन त्याचा मुका घेतला. त्यातून तिला संसर्ग झाला असे त्या वेळी मानले गेले. 14 डिसेंबरला, वडिलांच्या मृत्यूला बरोबर सतरा वर्षे झाली त्या दिवशी, पस्तिसाव्या वर्षी ती गेली. मागे चार मुली आणि एक मुलगा. सर्वांत लहान ॲलिक्स सहा वर्षांची होती.

पुण्यातल्या वक्त्यांनी या ठिकाणी क्षणभर थांबावे अशी माझी विनंती आहे. ॲलिसने माहेर तोडले असते तर या पाच मुलांना कुणी सांभाळले असते? राणीने या नातवंडांना स्वतःची मुले मानले. दरवर्षी ती इंग्लंडला जाऊन राहत, त्यांचे शिक्षक, त्यांचे कपडे, त्यांची स्थळे, सगळ्यांत आजीचे लक्ष असे. ते लक्ष नको तितके होते हेही खरे. 1884 मध्ये जावयाने गुपचूप केलेले दुसरे लग्न तिने मोडायला लावले आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. पण आई गेलेल्या मुलांना आजोळ मिळाले, ते पत्रांचा धागा तुटला नव्हता म्हणून. थोरल्या व्हिक्टोरियाचा मुलगा लुई 1947 मध्ये भारताचा शेवटचा व्हाइसरॉय म्हणून दिल्लीला आला; तो या डार्मस्टाटच्या सुनेचा नातू होता. तिच्या मुलीची मुलगी ॲलिस ही प्रिन्स फिलिप यांची आई. म्हणजे इंग्लंडची गादी आज तिच्या पणतूच्या मुलाकडे, राजे चार्ल्स यांच्याकडे आहे.

घराणी टिकली म्हणतात तीही टिकली नाहीत. 1914 मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा ॲलिसची एक मुलगी इंग्लंडमध्ये, एक प्रशियात, दोन रशियात आणि मुलगा डार्मस्टाटच्या गादीवर होता. इंग्लंडमधल्या जावयाला, लुई बाटेनबर्ग यांना, जर्मन जन्मामुळे नौदलाचे सर्वोच्च पद सोडावे लागले आणि 1917 मध्ये कुटुंबाने आडनाव बदलून माउंटबॅटन केले. रशियात त्सारची पत्नी झालेल्या ॲलिक्सला युद्धात लोक "ती जर्मन बाई" म्हणत. 1918 च्या जुलैत तिची आणि एला या बहिणीची एका दिवसाच्या अंतराने हत्या झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात हेसेची गादीही गेली. यांतले जे काही घडले ते माहेर न विसरल्यामुळे नव्हे. तुम्ही एकाच बाजूचे असल्याचे सिद्ध करा, असा हट्ट सगळ्या देशांनी एकाच वेळी धरला, तेव्हा हे घडले.

हा हट्ट मला ओळखीचा आहे. मी गटावर आक्षेप घेतला तेव्हा एका काकांनी लिहिले, "तू तिकडे गेलीस, आता इथल्या गोष्टींत तुझे काय?" मुलगी गेली की माहेराला तिचे मत नको आणि माणूस परदेशी गेला की गावाला त्याचे मत नको, ही एकच विचारसरणी आहे. मला ते वाक्य लागले. मिरजेला आईशी मी रोज बोलते. घड्याळे बदलली की आमच्यातले साडेतीन तास साडेचार होतात, तेवढा एकच फरक आमच्या बोलण्याच्या वेळेत पडतो. 2024 च्या जूनपासून जर्मनीने नव्या नागरिकांना जुने नागरिकत्व ठेवू देण्याचा कायदा केला, परंतु भारत दोन नागरिकत्वे मान्य करत नाही. माझा अर्ज भरून तयार आहे आणि मी तो देत नाही. इथे मतदान करावे असे मला फार वाटते. ज्या शहराने मला काम दिले, ज्या शाळेत माझी मुले शिकतात, तिथल्या निर्णयांत माझा हात असावा असे वाटते. आणि तो निळा पासपोर्ट परत करायचा विचार आला की मी गप्प होते. येथे कुणी मला "मूळच्या कुठल्या?" विचारले तर मी अभिमानाने सांगते, आणि मिरजेत कुणी "तुमच्याकडे कसे असते?" विचारले तर मला राग येतो. मी अजून तिथलीच आहे, असे मला ओरडून सांगावेसे वाटते.

ॲलिसला रोझेनहोहेवर पुरले तेव्हा तिच्या शवपेटीवर ब्रिटिश ध्वज पांघरलेला होता. सोळा वर्षे या गावाची सून असलेल्या, सासरच्या माणसांची शुश्रूषा करता करता मेलेल्या बाईची निष्ठा त्या ध्वजामुळे उणी झाली असे इथे कुणी मानले नाही. तिच्या नावाचे रुग्णालय चालू राहिले, तिची शाळा चालू राहिली, 1902 मध्ये तिचे स्मारक उभे राहिले.

लग्नाला मी मार्गशीर्षात येणार आहे. नव्या वहिनीला मी आधीच लिहिले आहे की आईला हवा तितका फोन कर आणि कुणी टोकले तर माझे नाव सांग. आत्याशी मात्र समोर बसून बोलणार आहे. तिची लेक नागपूरला दिलेली आहे आणि आत्या तिला दिवसातून दोनदा फोन करते. तिने तो करत राहावा, अशीच माझी मनापासून इच्छा आहे.