तीन पंचमांशांचा हिशेब : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकेच्या सुरुवातीच्या राज्यकारभारातल्या संज्ञांवरचा लेख तुम्ही बारकाईनं वाचलात, त्याबद्दल आभार. तुमचा आक्षेप असा, की 'तीन पंचमांश तडजोड' (राज्यांच्या जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरण्याचा अमेरिकी घटनेतला नियम) सांगताना मी जागा आणि मतांचा हिशेब मांडत बसलो, आणि काळ्या माणसाला अपुरा माणूस ठरवलं ही मुख्य गोष्ट मागे पडली. गुलामांना पूर्ण मोजणं हाच न्याय झाला असता, असंही तुम्ही लिहिलंत.

तुमचा संताप मला पटतो, निष्कर्ष पटत नाही.

१७८७ मध्ये अमेरिकेची राज्यघटना लिहिणाऱ्या फिलाडेल्फियाच्या परिषदेत गुलामांना पूर्ण मोजा, असा आग्रह कोण धरत होतं? साउथ कॅरोलिनाचे पियर्स बटलर आणि चार्ल्स कोट्सवर्थ पिंकनी. दोघंही गुलामांचे मालक. प्रतिनिधी सभेतल्या, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहातल्या, प्रत्येक राज्याच्या जागा लोकसंख्येवर ठरणार होत्या. गुलामाला मत नव्हतंच, त्यामुळे त्याच्या नावानं वाढणारी जागा मालकांनी निवडलेल्या माणसाकडेच जाणार होती. पूर्ण मोजणी झाली असती तर साखळदंड तसेच राहिले असते आणि ते टिकवणाऱ्यांची ताकद मात्र वाढली असती. स्वतंत्र काळी माणसं त्या कलमात पूर्णच धरली जात, हेही पाहा. पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी गूव्हर्नर मॉरिस (गूव्हर्नर हे त्यांचं नाव, पद नव्हे) यांनी परिषदेतच विचारलं होतं, की ही माणसं असतील तर त्यांना नागरिक करा, मत द्या. मालमत्ता असेल तर दुसरी कुठलीच मालमत्ता का मोजत नाही? स्वतः गुलामीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लसही १८६० मध्ये ग्लासगोच्या भाषणात म्हणाले, की या कलमानं गुलामीच्या राज्यांचं बळ कमीच केलं.

तरीही या तडजोडीतून दक्षिणेच्या गुलामीच्या राज्यांना जे मिळालं ते थोडं नव्हतं. १७९० च्या जनगणनेत व्हर्जिनियाची लोकसंख्या साडेसात लाखांच्या आसपास, त्यात जवळजवळ तीन लाख गुलाम. राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या इलेक्टोरल कॉलेजची मतंही याच जागांवर बेतलेली होती. १८०० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत दक्षिणेतल्या व्हर्जिनियाचे जेफरसन ७३, अ‍ॅडम्स ६५. गुलामांच्या मोजणीमुळे दक्षिणेला मिळालेली जादा मतं या आठांच्या फरकाहून अधिक होती, असं अनेक इतिहासकार मानतात. म्हणून मी हिशेब मांडला. तो बाजूला ठेवला तर अन्याय कुणाच्या फायद्याचा होता, हेच दिसत नाही.

बदल्यात दक्षिणेवर थेट कराचा बोजाही याच प्रमाणात पडणार होता, हा तुमचा मुद्दा कागदावर बरोबर आहे. पण सरकार मुख्यतः आयातशुल्कावर चाललं. पहिला थेट कर बसला तो १७९८ मध्ये.

आणि तुम्हाला हवी असलेली पूर्ण मोजणी पुढे झालीच. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीनं प्रत्येक माणूस पूर्ण धरला. १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीनं वर्णावरून मताधिकार नाकारायला बंदी घातली. तरी मिसिसिपीनं १८९० च्या नव्या राज्यघटनेत मतदानासाठी कर आणि वाचनाची परीक्षा घालून काळ्या नागरिकांना मतपेटीपासून दूर ठेवलं. त्या राज्यात ते बहुसंख्य होते. जागा मात्र त्यांच्याही डोक्यांवर मिळत राहिल्या, १९६५ चा मताधिकार कायदा येईपर्यंत.