‘इंट सोडा, इंटिजर धरा’ म्हणणाऱ्यांनी एकदा 128 टाकून बघा

आमची धाकटी आतेबहीण कोल्हापूरच्या राजारामपुरीत रूम घेऊन प्लेसमेंटची तयारी करतीय. काल तिनं एक मेसेज फॉरवर्ड केला, जो म्हणे सगळ्या ग्रुपवर फिरतोय, आणि खाली विचारलं, "दादा, प्रोजेक्टमधले सगळे इंट काढून इंटिजर करू का?" जावा ह्या प्रोग्रामिंग भाषेत पूर्णांक ठेवायचे हे दोन प्रकार: इंट म्हणजे नुसता आकडा (असल्या साध्या प्रकाराला प्रिमिटिव्ह म्हणतात), आणि इंटिजर म्हणजे तोच आकडा ऑब्जेक्टमध्ये गुंडाळलेला (हा रॅपर). मेसेजचं म्हणणं असं की जावा 5 मध्ये ऑटोबॉक्सिंग (इंटचा आपोआप इंटिजर होणं) आल्यापासून प्रिमिटिव्ह जुनाट झाले, सगळीकडं रॅपर वापरा, == नं तुलना बिनधास्त चालते ("100 टाकून चेक केलंय"), स्पीड-मेमरीत काही फरक नाही, आणि रॅपर मेथडला पाठवला की मूळ व्हॅल्यू आतनं बदलता येते.

त्या 100 वरच बोलूया, कारण पोरं फसतात ती तिथंच.

तिचा प्रोजेक्ट ऊस वजनकाट्याचा. भरलेल्या गाडीचं वजन एका लिस्टमध्ये, रिकाम्या गाडीचं दुसऱ्या, आणि पावती नंबरवरनं दोन्ही जुळवायचं. थोड्या फायलींत तिनं आधीच इंटिजर आणि == करून टाकलं होतं, तर पावती 127 पर्यंत सगळं जुळतंय आणि 128 पासनं एक पण नाही, आणि ही बिचारी एक्सेलमधला डेटा तपासत बसलीय! अगं, डेटा बरोबरच आहे. दोन्ही बाजूला रॅपर असला की == आकडा बघतच नाही, ऑब्जेक्ट तोच आहे का ते बघतं. जावाच्या अधिकृत स्पेसिफिकेशनात 5.1.7 हा सेक्शन आहे, त्यात सरळ लिहिलंय की -128 ते 127 मधला इंट बॉक्स केला तर तोच ऑब्जेक्ट मिळणार, त्याच्या पलीकडं गॅरंटी नाही. नेहमीच्या सेटिंगला पलीकडं दर वेळी नवा ऑब्जेक्ट तयार होतो, म्हणून 128 ला फॉल्स. 100 टाकून चेक करणाऱ्याला हे कसं दिसणार? त्यात एका बाजूला साधा इंट असला तर अनबॉक्स होऊन, म्हणजे रॅपरमधला आकडा बाहेर काढून, उत्तर बरोबर येतं, त्यामुळं कोड कधी चालतो कधी नाही आणि डोकं पिकतं. आकडाच बघणारी इक्वल्स मेथड वापरा, विषय संपला.

मेमरीचं म्हणाल तर इंट 4 बाइटचा, आणि 64 बिट हॉटस्पॉटवर (जावा चालवणारं नेहमीचं इंजिन) इंटिजरचा ऑब्जेक्ट साधारण 16 बाइटचा, वर त्याचा रेफरन्स, म्हणजे पत्ता, वेगळा. दहा नोंदींना काय फरक पडत नाही, पण लाखभर पावत्यांची बेरीज रॅपर लाँगमध्ये (मोठ्या पूर्णांकाचा रॅपर) करून बघा, जवळपास प्रत्येक फेरीला नवा ऑब्जेक्ट.

एक मात्र मान्य करावं लागतंय. ॲरेलिस्टला, म्हणजे जावातल्या तयार यादीला, इंट चालत नाही, तिथं रॅपरच लागतो. आणि गाडी अजून रिकामी होऊन काट्यावर आलीच नसेल तर ते वजन 0 नाही, ते नल (व्हॅल्यूच नाही), म्हणून तेवढं फील्ड इंटिजर ठेव म्हटलं. फक्त तो नल चुकून इंटमध्ये गेला की नलपॉइंटर एक्सेप्शन ही एरर येते, तेही अशा ओळीवर जिथं बघून काही चुकलंय असं वाटणार नाही.

राहिलं मूळ व्हॅल्यू बदलायचं. काय बी! इंटिजर इम्यूटेबल आहे, म्हणजे एकदा बनला की बदलत नाही; मेथडच्या आत ++ करून एकनं वाढवलं की आतला व्हेरिएबल दुसऱ्या ऑब्जेक्टकडं वळतो, बाहेरचा आहे तिथंच. ह्याच्या पुराव्याला मेसेजवाल्यानं जो नमुना कोड दिलाय त्यात ‘न्यू इंटिजर(100)’ लिहिलंय, जे जावा 9 पासनं म्हणजे 2017 पासनं डेप्रिकेटेड (आता वापरू नका असं जाहीर केलेलं) आहे, आणि असे दोन करून == लावलं तर त्याच्या लाडक्या 100 ला पण फॉल्सच येतंय.