फुल-फेस हेल्मेट ‘एक साइज मोठं’ घेऊ नका

बेळगावातल्या सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय: डाउनहिलसाठी, म्हणजे डोंगरउतारावर सुसाट सायकल चालवायला, फुल-फेस (हनुवटीही झाकणारं) हेल्मेट एक साइज मोठं घ्या, घट्ट बसलं तर मेंदूचा रक्तपुरवठा कमी होतो; नाहीतर सरळ मोटारसायकलचं आयएसआय हेल्मेट घाला, ते जास्त मजबूत; आणि तडा दिसत नसेल तर पडलेलं हेल्मेटही चालतं. टिळकवाडीतला माझा भाचा तो वाचून विचारतो, ‘मामा, लार्ज मागवू की एक्सएल?’ पोराच्या डोक्याचा घेर ५७ सेंटिमीटर! बहुतेक कंपन्यांच्या तक्त्यात हा मीडियम येतो.

रक्तपुरवठ्याचं आधी. मेंदूला रक्त जातं ते मानेतल्या धमन्यांतून, आणि तिथून पुढे कवटीच्या आत. गालावरच्या पॅडने ते अडेल कसं? शाळेतलं शास्त्राचं पुस्तक तरी उघडायचं होतं. कपाळावर एकाच जागी ठणकत असेल, तर त्या हेल्मेटचा आकारच तुमच्या डोक्याचा नाही. दुसऱ्या कंपनीचं घालून बघा, साइज वाढवू नका.

कारण सैल हेल्मेटचा धोका खरा आहे. राजहंसगडाच्या उताराला किंवा जांबोटी-कणकुंबीकडच्या जांभ्या दगडावर सायकल हादरायला लागली की ते भुवयांवर उतरतं आणि पुढचा दगड दिसायच्या ऐन वेळी डोळे झाकतं. तोंडावर पडलात तर ते डोक्यावर फिरतं, आणि जबडा वाचवायला हनुवटीसमोर लावलेला चिन बारच तोंडावर आदळतो. पट्टा कितीही आवळा, आतली पोकळी भरत नाही.

घेताना भुवयांच्या बोटभर वरून टेप फिरवून माप घ्या. हेल्मेट घातल्यावर गाल दाबले गेले पाहिजेत. बोलताना गालाची आतली बाजू दाताला लागली तर घाबरू नका. चिन बार धरून डावी-उजवीकडे हलवा. कपाळाची कातडी सोबत हलली तर ठीक. कातडी जागेवर राहून हेल्मेट नुसतं फिरलं तर मोठं आहे. मग पट्टा बांधून मागची कड वर, पुढे ढकला. निघून आलं तर तिथल्या तिथे परत करा. गॉगल सोबत न्या आणि पंधरा-वीस मिनिटं सगळं डोक्यावर राहू द्या. गालाचे पॅड वापराने दबतात, म्हणून दुकानात ऐसपैस वाटलेलं पुढे डुगडुगणारच.

मोटारसायकलच्या हेल्मेटबद्दल अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. आयएसआय शिक्क्यामागे खरी चाचणी असते, आणि उघड्या डोक्यापेक्षा ते केव्हाही बरं. पण ते जड असतं, आणि धापा टाकत पेडल मारताना त्यात पुरेशी हवा खेळत नाही. डाउनहिलसाठी आत एएसटीएम एफ१९५२ हा अमेरिकी मानकाचा शिक्का शोधा. हे मानक डाउनहिलसाठीच केलेलं आहे आणि त्यात चिन बारचीही चाचणी होते. नुसतं ईएन १०७८ हे सायकल हेल्मेटचं युरोपीय मानक लिहिलेलं असेल तर त्या मानकात चिन बार तपासतच नाहीत, मग हेल्मेट दिसायला कितीही दणकट असो.

तड्याचं म्हणाल तर धक्का झेलतो तो आतला थर्माकोलसारखा थर. तो एकदा चेपला की पुन्हा फुगत नाही, आणि कवच वरून गुळगुळीतच दिसतं. जोरात आपटलेलं हेल्मेट बदला. कुणाचं जुनं स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊही नका, ते किती वेळा आपटलंय हे तुम्हाला कळणार नाही.