झोक्याला टांगलेली पाकिटं

गावाकडच्या ग्रुपवर डोहाळजेवणाचा फोटो आला. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, अंगणात झोका, आणि झोक्याच्या दोऱ्यांना फुलांऐवजी चिप्स, कुरकुरे, क्रीमची बिस्किटं. एकीनं टोकलं, तर लगेच उत्तर: "डोहाळे हायेत बाप्पा, दोन जिवांचं खानं हाये. अन् हे पाकिटातलं तुमच्याच तिकडून आलं ना?"

मी ब्रिटनमध्ये राहते, म्हणून "तुमच्याच तिकडून" हे मला टोचलं. इथे लोकांच्या निम्म्याहून जास्त कॅलरी अशाच, कारखान्यात अतिप्रक्रिया केलेल्या खाण्यातून येतात, कबूल. दुपारी मील डीलची (सँडविच, चिप्स, पेय एकाच भावात) रांग बघितली की वेगळा पुरावा लागत नाही. पण पाच रुपयांचं पाकीट पानठेल्यावर लटकवणं ही अस्सल देशी अक्कल आहे. इंग्लंडच्या मोठ्या दुकानांत 2022पासून असला माल गल्ल्याजवळ मांडता येत नाही. (छोट्या दुकानांना सूट आहे, ते ग्रुपवर मी सांगितलं नाही.)

आता "दोन जिवांचं". इथली मिडवाईफ, म्हणजे बाळंतपणाची नर्स, सांगते, पहिले सहा महिने जास्तीचं काही नको, शेवटच्या तीन महिन्यांत रोज 200 कॅलरी. आपल्याकडचा शिफारस केलेला आकडा 350 आहे. म्हणजे 50 ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकर, 30 ग्रॅम तुरीच्या डाळीचं वरण आणि मूठभर शेंगदाणे; प्रथिनं साधारण 15 ग्रॅम. तेवढ्याच कॅलरी ग्लुकोज बिस्किटांतून घ्यायच्या तर 75-80 ग्रॅम बिस्किटं लागतात. त्यात प्रथिनं जेमतेम 5 ग्रॅम आणि साखर 20च्या आसपास. ती चहात बुडवून खाल्ली आणि त्याच चहासोबत लोहाची गोळी घेतली, तर गोळीतलं लोह नीट अंगी लागत नाही. गोळी आणि चहा यांत किमान एक तास जाऊ द्यावा, जमलं तर दोन.

पाकिटातलं मऊ असतं, चोथा कमी, भराभर पोटात जातं. 2019मध्ये अमेरिकेत 20 जणांना दोन-दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि साधं, असं दोन्ही प्रकारचं जेवण देऊन पाहिलं. अतिप्रक्रिया केलेलं खाताना ते रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होते. त्यात गरोदर बायका नव्हत्या, पण भूक फसते ती अशीच.

गावातलं दुखणं मात्र दुहेरी आहे, आणि हे "तिकडच्या" पुस्तकात बसत नाही. 150 सेंटिमीटर उंचीची, 40 किलोची सून कापूस वेचायला जाते आणि जेवणाऐवजी बिस्किटांवर दिवस काढते. तिचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) 17.8, म्हणजे कमीच; तिचं वजन नऊ महिन्यांत 12.5 ते 18 किलोनं वाढायला हवं. तिची जाऊ तेवढ्याच उंचीची, 60 किलोची. तिला 7 ते 11.5 किलो पुरे. झोक्यावरचं पाकीट दोघींनाही वाईट: पहिलीचं जेवण खातं, दुसरीचं वजन वाढवतं.

वजनही नीट घ्यावं लागतं. सारवलेल्या जमिनीवर काटा डुगडुगतो, म्हणून खाली फरशी किंवा पाट. चप्पल काढायची, काटा शून्यावर आहे ना ते बघायचं, दरवेळी तोच काटा. चौथ्या महिन्यापासून पहिलीचं आठवड्याला अर्धा किलो, दुसरीचं 300 ग्रॅमच्या आसपास वाढावं. एका आठवड्यात किलोच्या वर गेलं, तोंड सुजलं, डोकं ठणकलं तर त्याचा दोष बिस्किटांना देत बसू नये. त्याच दिवशी बीपी आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्यावं.

आणि इथे माझी जिरते. ब्रिटनमध्ये पहिल्या भेटीत उंची-वजन झालं की पुढे बहुतेकींना काट्यावर उभं करतच नाहीत. गावात नर्सताई दर तपासणीला वजन घेऊन कार्डावर लिहिते. त्या बाबतीत तुम्ही पुढे आहात, आणि "तुम्ही" लिहिताना माझा हात अडखळतो.

झोक्याला काय बांधायचं, विचारलंत म्हणून सांगते: जवसाचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, बोरं, संत्री. कुणी विचारलं नव्हतं खरं तर. बोलावणंही नव्हतं, फक्त फोटो आला.