ढगाला वजन असतं

पावसाळा आला की मुलांसाठी म्हणून एक मजकूर फोनवर फिरायला लागतो: ‘ढग म्हणजे वाफ. वाफेला वजन नसतं, म्हणून ढग तरंगतात. ते जड झाले की पाऊस पडतो.’ मुलांनो, यातलं एकही वाक्य बरोबर नाही. आणि खरी गोष्ट याहून कितीतरी सुंदर आहे.

ढग म्हणजे वाफ? वाफ तर डोळ्यांना दिसतच नाही. किटलीत पाणी उकळत असेल तेव्हा मोठ्यांना सोबत घेऊन लांबून बघा. तोटीच्या अगदी तोंडाशी काहीच दिसत नाही. पांढरा लोट जरा पुढे सुरू होतो. वाफ असते ती त्या रिकाम्या वाटणाऱ्या जागेत. पांढरे दिसतात ते गार होऊन पुन्हा पाणी झालेले बारीक थेंब. ढगही अशाच थेंबांचा असतो, फार उंचावरचा बर्फाच्या कणांचा. पावसाळ्यात आंबोली घाटात दाट धुकं लागतं ना, तिथे तुम्ही ढगातूनच चालत असता. म्हणून केस ओले होतात.

वजन नसतं, हेही खोटं. वाफेलासुद्धा वजन असतं. फक्त वाफ मिसळलेली हवा कोरड्या हवेपेक्षा थोडी हलकी असते. आणि ढगातल्या पाण्याचं म्हणाल, तर १ किलोमीटर लांब, तेवढाच रुंद आणि उंच अशा साध्या पांढऱ्या ढगात साधारण ५०० टन पाणी असतं. दहा हजार लिटरचे ५० टँकर!

मग एवढं पाणी धाडकन खाली का येत नाही? खरं तर ते पडतच असतं, पण फार सावकाश. ढगातला एक थेंब साधारण ०.०२ मिलिमीटरचा. एवढ्या चिमुकल्या थेंबाला हवा सतत अडवते, त्यामुळे तो सेकंदाला जेमतेम १ सेंटिमीटर खाली सरकतो. कवडशात धुळीचे कण रेंगाळताना पाहिलेत ना, तसंच. त्यात खालून हवा वर चढत असते: कधी उन्हाने तापलेली जमीन तिला वर धाडते, कधी समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीला धडकून वर वळतो. थेंब जेवढा खाली येतो त्याहून जास्त ही हवा त्याला वर नेते.

राहिला पाऊस. सगळा ढग जड होऊन कोसळत नाही, त्यातले थेंब मोठे होतात. ते एकमेकांवर आपटतात, मिसळतात. असे सुमारे १० लाख थेंब एकत्र आले की २ मिलिमीटरचा पावसाचा एक थेंब होतो. तो सेकंदाला ६ मीटरहून जास्त वेगाने येतो. वर चढणारी साधी हवा त्याला थोपवू शकत नाही. काळाकुट्ट ढग डोक्यावर येऊनही कधी कधी अंगण कोरडंच राहतं, कारण त्यातले थेंब तेवढे वाढलेलेच नसतात.