कृष्णकमळाच्या काढ्याविषयी: एका वाचक ताईंना उत्तर

नमस्कार ताई,

एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. दारातल्या कृष्णकमळाची पानं उकळून पिऊ नका, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही विचारता की परदेशात याच वेलीचा चहा दुकानात राजरोस मिळतो, मग आपल्याच औषधाला मी नावं का ठेवते? शिवाय सासूबाईंना तुम्ही रोज रात्री झोपेच्या गोळीसोबत हा काढा देता आणि त्यांना गाढ झोप लागते.

आधी सासूबाईंचं बोलते, कारण माझा जीव तिथेच अडकलाय. गोळीने गुंगी येते. परदेशात जिचा चहा करतात त्या वेलीनेही येते, म्हणून तर तो पितात. दोन्ही एकत्र घेतलं की गुंगी वाढते. वयस्कर माणूस रात्री लघवीला उठतं, अर्धवट झोपेत तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. त्यामुळे काढा आजपासूनच बंद करा. गोळी मात्र मनाने बंद करू नका. झोपेच्या काही गोळ्या एकदम थांबवल्या तर तगमग होते, झोप पार उडते, क्वचित झटकेही येतात. काढा दिल्याचं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ते रागावतील म्हणून लपवू नका.

आता वेलीचं. कृष्णकमळ ज्या पॅसिफ्लोरा कुळीतलं, तिच्यात पाचशेच्या वर जाती आहेत. चहाची ती पॅसिफ्लोरा इन्कार्नाटा, मूळची अमेरिकेच्या आग्नेय भागातली. तिथले मूळ रहिवासी चेरोकी लोक ती पूर्वापार वापरत आले. युरोपात सौम्य ताण आणि झोपेसाठी पारंपरिक औषध म्हणून तिला मान्यता आहे. २००१ साली तेहरानच्या डॉक्टरांनी चिंतारोगाच्या ३६ रुग्णांवर चार आठवडे तिचे थेंब आणि ऑक्साझेपाम ही चिंतेवरची गोळी यांची तुलना केली. शेवटी आराम जवळपास सारखाच पडला. गोळीचा गुण लवकर आला, पण गोळीवाल्यांना कामात जास्त अडचण आली. मला हा निकाल आशादायक वाटतो. मात्र माणसं थोडी होती, आणि दिलं होतं ते त्याच जातीचं, मोजून.

तुमच्या कुंपणावरची वेल तीच कशावरून? एक पान तोडून बघा. इन्कार्नाटाच्या पानाला बहुधा तीन बोटं असतात. पाच किंवा सात दिसली तर ती पॅसिफ्लोरा सेरुलियासारखी दुसरी जात किंवा संकर असू शकतो. तीन दिसली म्हणूनही खात्री नाही, पॅशनफ्रूटच्या पानालाही तीनच असतात. फुलावरून तर ओळखूच नका; कौरव-पांडव सगळ्याच फुलांत दिसतात. सेरुलियाच्या पानांत सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात. उकळताना त्यातलं काही उडून जातं, पण उरलेलं किती, हे घरी कळायला मार्ग नाही.

आणि ‘आपलं औषध’ म्हणाल तर, वेल अमेरिकेतून आलेली, त्यामुळे चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत ती सापडायची नाही. आयुर्वेदाशी माझं काहीच भांडण नाही.

डॉक्टरांनी होकार दिलाच, तर पाकिटावर जातीचं पूर्ण नाव आणि मात्रा छापलेली असेल तेच घ्या. पुढे सासूबाईंचं मोतीबिंदूचं किंवा कसलंही ऑपरेशन ठरलं, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही त्याबद्दल आधीच सांगा.